वास चढावर आला की उतारावर?

मॅन्युअल गिअरच्या बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा असतो, क्लचचं तापमान दाखवणारा नसतो. त्यामुळे पावसाळ्यात एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढणारी जीप किंवा पिकअप चिखलात अडकली आणि क्लच भाजायला लागला, तर पहिली खबर नाकालाच लागते. पायांखालून जळका, उग्र, थोडासा औषधी वास वर येतो आणि गाडीतले सगळे एकमेकांकडे बघू लागतात.

हा वास क्लच प्लेटच्या अस्तराचा. त्यात काचतंतू, रबर, तांब्या-पितळेची तार असा मसाला असतो आणि तो एकत्र धरून ठेवतं फिनॉलिक रेझिन. लिओ बेकलँडने १९०७ साली ज्यातून बेकेलाइट घडवलं, तेच हे घराणं. जुन्या घरातलं काळं बटण शॉर्ट होऊन जळताना ज्यांनी हुंगलंय, त्यांना क्लचचा वास अगदीच परका वाटणार नाही. अनेक अस्तरांत काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेली भुकटीही घालतात, कारण त्या तेलातही फिनॉलच्याच जातीची रसायनं असतात. कोकणात ओला काजू सोलताना बोटं पोळवणारं ते हेच तेल.

आता उष्णतेचा हिशोब. हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरली की इंजिनाकडची तबकडी फिरत असते, गिअरबॉक्सकडची प्लेट जवळजवळ थांबलेली असते आणि मधला फरक घासून निघतो. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर असेल आणि क्लचमधून २०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) जात असेल, तर गाडी जागची हललेली नसताना सुमारे ३१ किलोवॉट उष्णता तयार होते. म्हणजे २ किलोवॉटचे पंधरा गीझर एकदम चालू, तेही एका बंद डब्यात! अशा वेळी रेझिन विघटित व्हायला काही सेकंद पुरतात.

म्हणूनच फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गतीचा गिअर, वेळेवर टाकावा. अनेक गाड्यांत तो चाकांपर्यंत पोहोचणारा जोर साधारण अडीच पट वाढवतो. तोच चढ चढताना क्लचवर येणारा भार तेवढाच घटतो आणि घासण्याचा काळही कमी होतो. ‘अजून एकदा जोर लावून बघू’ म्हणत टू-व्हील हायमध्येच, म्हणजे दोनच चाकांच्या नेहमीच्या गिअरमध्ये, रेटणारे चालक मी पुष्कळ पाहिलेत. प्लेट खराब रस्त्याने कमी आणि या हट्टाने जास्त जाते, असं माझं मत.

वास आलाच तर सपाट जागी थांबा, हँडब्रेक ओढा, टायरमागे दगड लावा, गिअर न्यूट्रल करून पेडलवरचा पाय काढा आणि इंजिन चालू ठेवा. फिरत्या भागांमुळे आत थोडी हवा खेळते. पंधरा-वीस मिनिटांनी निघावं. पुढे चांगल्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढले पण वेग वाढला नाही, तर प्लेट घसरतेय.

घोळ असा की ब्रेकच्या लायनरमध्येही बऱ्याचदा हेच रेझिन असतं. वास जवळपास सारखाच, त्यामुळे एकट्या नाकावर निकाल देता येत नाही. मागची पाच मिनिटं गाडी काय करत होती ते आठवावं. चढावर किंवा मागे-पुढे करताना आला तर संशय क्लचवर. लांब उतारावर आला तर ब्रेकवर. सपाटीवरही येत राहिला तर हँडब्रेक अर्धवट ओढलेला असेल किंवा एखादं चाक जाम धरत असेल. चारही चाकांजवळ हात नेऊन धग बघा, टेकवू मात्र नका. नाक काही मिनिटांत वासाला सरावतं, म्हणून चालकाला ‘गेला बहुतेक’ असं वाटत असतं. बाहेर उभं राहून वाट दाखवणाऱ्याचं नाक जास्त विश्वासाचं.

ओढा ओलांडल्यावर येणारा वास वेगळा. डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांमध्ये जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, तेलात गिअरच्या दातांना वाचवण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात, त्यामुळे गळतं गिअर ऑइल लसणासारखं घाण मारतं. त्याहून महत्त्वाचं, ८० अंशांवर तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात उतरून २५ अंशांवर आलं की आतली हवा सुमारे १५ टक्के आकसू पाहते. ब्रीदरची, म्हणजे आतली हवा ये-जा करण्याची, नळी तुंबलेली किंवा पाण्याखाली असेल तर ती पोकळी पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी तेल दुधाळ दिसलं तर बदलायलाच हवं.

गोडसर, गरम वाफेचा वास म्हणजे बहुधा कूलंट. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही, झाकण सैल होताच मात्र ते अंगावर उसळतं.

दिवाळीनंतर पठारांवर गवत वाळलेलं असतं. ते सायलेन्सरच्या कडेकपारीत अडकतं आणि डिझेल गाडीचा काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करत असताना त्याचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. गवत जळल्याचा वास आला तर पुढचं वळण गाठायचा विचार करू नका, गवत नसलेल्या जागी तिथल्या तिथे थांबा.

दगडावर आपटून सायलेन्सरचा जोड सुटला तर धूर केबिनमध्ये शिरतो. त्याचा वास येतो तो अर्धवट जळलेल्या इंधनाचा. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला गंधच नसतो. मागे बसलेल्या कुणाचं डोकं जड झालं, मळमळू लागलं, तर घाटाला दोष देण्याआधी काचा उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि गाडीखाली वाका.