हातोडीखाली तांबं का फुटत नाही?

मिठाच्या खड्यावर हातोडी मारली की त्याचे तुकडे होतात. तांब्याच्या पत्र्यावर मारली तर पत्रा नुसता पसरतो. पुण्याच्या तांबट आळीतली सारी कारागिरी या एका फरकावर उभी आहे.

मिठात सोडियम आणि क्लोरीन आपापली जागा धरून असतात, धन भाराशेजारी ऋण भार. घाव बसून एक थर एक घर सरकला की धनासमोर धन येतो, ऋणासमोर ऋण. दोन्ही थर एकमेकांना लोटतात आणि खडा चिरतो.

तांब्यात अशा ठरलेल्या जोड्याच नाहीत. त्याच्या अणूत 29 इलेक्ट्रॉन असतात. अणू एकत्र आले की त्यांतला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन कुठल्याही एका अणूचा राहत नाही, सगळ्या तुकड्याचा होतो. मागे उरलेल्या धनभारित अणूंना या सामाईक इलेक्ट्रॉनांची ओढच बांधून ठेवते. थर सरकला तर शेजारी बदलतात, बंध मात्र टिकतो. याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे तांब्यातून वीजही सहज वाहते. जर्मन शास्त्रज्ञ पॉल ड्रूड यांनी मोकळ्या इलेक्ट्रॉनांची ही कल्पना 1900 मध्ये मांडली, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती! तिच्यातल्या उणिवा पुढे क्वांटम सिद्धांताने दूर केल्या.

मला याहून विलक्षण वाटतं ते मठारकाम. भांड्यावर सारखे घाव घालत गेलं की तांबं कडक होतं. जे सहज सरकतं ते कडक का व्हावं? याचं उत्तर 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे शोधलं. अख्खा थर एकदम सरकतच नाही. अणूंच्या रांगांत कुठेकुठे मांडणी चुकलेली असते, आणि ती चूक पुढे सरकत जाते. जड सतरंजी ओढण्याऐवजी तिला एक सुरकुती पाडून ती टोकापर्यंत ढकलावी, तसं. घावागणिक अशा चुका वाढतात, एकमेकींत अडकतात आणि सरकणं अवघड होतं. म्हणून मठारलेला हंडा सहजासहजी चेपत नाही.

भांडं घडवताना मात्र हाच कडकपणा आड येतो. तसंच ठोकत राहिलं तर पत्रा तडकतो. म्हणून तांबट तो मधूनमधून लाल होईपर्यंत तापवतात. उष्णतेने अणूंना हलायला बळ मिळतं, ते नव्याने रांगा लावतात, बहुतेक चुका पुसल्या जातात आणि पत्रा पुन्हा मऊ होतो. लाल पोलाद पाण्यात बुडवलं तर कडक होतं, कारण तापल्यावर त्याच्या अणूंची मांडणीच बदललेली असते. तांब्याची मांडणी तापूनही तीच राहते, त्यामुळे ते पाण्यात विझवलं तरी मऊच राहतं आणि लगेच पुन्हा ठोकायला घेता येतं.