चॉकलेट दूध आणि चॉकलेटची पावडर: 'दुधासह' रकान्याची गोष्ट

कृषीकन्या, म्हणजे गावात राहून शिकणाऱ्या कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, म्हणून पारोळा तालुक्यातल्या एका गावात होतो, तेव्हा शाळेत दुधावर बोलायची पाळी माझ्यावर आली. नुसतं दूध म्हटलं की पोरं तोंड फिरवतात, म्हणून चॉकलेट दुधाच्या गार बाटल्या नेल्या. पहिल्याच बाकावरचा म्हणाला, "ताई, हे तर आमच्या घरी रोज असतं. मम्मी पावडरच्या डब्यातले दोन चमचे टाकते." आम्ही ज्यांच्याकडे राहत होतो त्या काकू मागे उभ्या होत्या. त्यांनीही विचारलं, "दोन्ही एकच शेतस ना, माय?"

एकच नाहीत. बाटलीत दूध आहे, डब्यात सहसा नावापुरतं किंवा अजिबात नाही.

बाटलीवर पुढे काहीही रंगवलेलं असो, बारीक अक्षरांत 'फ्लेवर्ड मिल्क' हे शब्द शोधा. नियमाने ते दूधच असतं. त्यात साखर, कोको, स्वाद, रंग घालून ते तापवून सुरक्षित केलेलं असतं. दूध कोणतं तेही लिहिलेलं असतं: टोण्ड म्हणजे किमान ३ टक्के फॅट, ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. डबल टोण्ड म्हणजे १.५ आणि ९. संकलन केंद्रावर म्हशीचं सहा फॅटचं दूध घालणाऱ्या माणसाला दीड फॅट म्हणजे पाणीच वाटतं. काकूंनाही वाटलं. पण प्रथिनं, लॅक्टोज आणि कॅल्शियम एसएनएफमध्ये असतात, आणि ते इथे जागेवर आहे. काढलेली मलई लोण्या-तुपाला गेली. ढेप आणि दादर ज्वारीचा कडबा खाऊन म्हशीने जे दिलं, त्याचे दोन ठिकाणी पैसे झाले.

कोको दुधात विरघळत नाही, तळाशी बसतो. त्यासाठी बाटलीत बहुधा कॅराजीनन असतं, समुद्री शेवाळापासून काढलेलं. नाव भयंकर आहे, काम गाळ धरून ठेवण्याचं.

आता डबा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे पहिली दोन-तीन नावं वाचली तरी पुरतं. तिथे सहसा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा अर्क, आणि साखर भेटते. कोको त्यानंतर. खरी गंमत पोषणाच्या तक्त्यात आहे. पुष्कळ डब्यांवर एक रकाना नुसत्या पावडरचा असतो आणि दुसरा '२०० मिलि दुधासह'. दुसऱ्यातले प्रथिनांचे नि कॅल्शियमचे आकडे एकदम उड्या मारतात. उडी दुधाची आहे! एका पेल्यात साधारण ६ ते ७ ग्रॅम प्रथिनं दूधच देतं, पावडर असो वा नसो. मला राग येतो तो इथे. राबते म्हैस, फोटो डब्याचा.

एप्रिल २०२४मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं की दुधाची, धान्याची किंवा माल्टची अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून मांडू नका. आपल्या अन्न कायद्यात अशी व्याख्याच नाही.

म्हणून बाटली साधुसंत ठरत नाही. साखर दोन्हीत वरून घातलेली असते. आता लेबलवर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगळी दिलेली असते. २०० मिलि दुधात लॅक्टोज म्हणून सुमारे ९ ते १० ग्रॅम साखर मुळातच असते, ती दोषात धरू नका. धरायची ती दुसरी. दुधाचा प्रचार करणाऱ्यांनी हे पोरांसमोर लपवू नये असं मला वाटतं, कारण लेबल वाचायला शिकवल्यावर ती आपलंही वाचणारच.

पावडरशी भांडण मात्र नाही. ती घोळायलाही घरात दूध लागतं, आणि दुधाला नाक मुरडणारं पोर तिच्यामुळे पेला रिकामा करत असेल तर गोठ्याला ते चालतंच.

काकूंना शेवटी एवढंच हवं होतं: घरच्या दुधात डबा न आणता होईल का? होतं. बिनसाखरेचा कोको चमचाभर घ्यायचा, आधी दोन चमचे कोमट दुधात गुठळी मोडेपर्यंत घोटायचा, मग बाकीचं दूध. गूळ घालायचा असेल तर दूध गॅसवरून उतरवून थोडं निवू द्या. उकळत्यात टाकला तर फाटतं, काकूंचं एकदा फाटलंच.