मुलींसाठी सायकल, कराटे आणि मैदान : जिल्हा परिषद व ग्रामपंचायतीकडे अर्ज कसा करावा

गावातल्या मुलींच्या खेळासाठी आणि महिलांच्या व्यायामासाठी पैसा कुठून आणायचा, असे अनेकदा विचारले जाते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेने आणि ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायची असते. या रकमेतून काय मागता येते आणि त्यासाठी कोणते कागद लागतात, एवढे माहीत असले तर वाट बरीच सोपी होते.

जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्या योजनांमध्ये या विषयाशी थेट संबंध असलेल्या दोन योजना आहेत. पहिली योजना मुलींना स्वसंरक्षणासाठी आणि शारीरिक विकासासाठी प्रशिक्षण देण्याची असून तिच्यातून ज्युदो, कराटे, योग यांचे वर्ग शाळा-महाविद्यालयांत घेतले जातात. हे वर्ग सामूहिक असल्यामुळे मागणी शाळेकडून जाणे उत्तम. मुख्याध्यापकांनी मुलींची वर्गनिहाय यादी, उपलब्ध जागा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून पंचायत समितीमार्फत प्रस्ताव द्यावा, यासाठी पालकांनी आग्रह धरावा. सरावाची वेळ शाळेच्या वेळेतच असावी, असेही प्रस्तावात स्पष्ट लिहावे. संध्याकाळी उशिरा घेतलेल्या वर्गाला लांबच्या वाडीवरच्या मुली थांबू शकत नाहीत आणि गरज तर त्यांनाच सर्वांत जास्त असते.

दुसरी योजना सायकलीची. साधारणपणे इयत्ता 5 वी ते 12 वीत शिकणाऱ्या, ग्रामीण भागात राहणाऱ्या आणि दारिद्र्यरेषेखालील किंवा ठरवून दिलेल्या उत्पन्न मर्यादेतील कुटुंबातील मुलींना हा लाभ दिला जातो. उत्पन्नाची आणि घर ते शाळा अंतराची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेली असते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या अर्जाची झेरॉक्स भरून देण्याऐवजी नवी जाहिरात वाचूनच अर्ज भरावा.

विहित नमुन्यातील अर्जासोबत मुलीचे आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड दाखला, घरापासून शाळेच्या अंतराबाबत मुख्याध्यापकांचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला, रहिवासी दाखला, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि यापूर्वी हा लाभ घेतलेला नसल्याचे स्वयंघोषणापत्र हे कागद सहसा लागतात. काही ठिकाणी ग्रामसभेचा ठरावही मागतात. रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे ज्यांना आपण अजूनही ग्रामसेवक म्हणतो त्यांना, भेटावे. उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून काढता येतो. जूनमध्ये प्रवेशांमुळे तिथे मोठी गर्दी होत असल्याने तो आधीच काढून ठेवणे शहाणपणाचे. पूर्ण अर्ज पंचायत समितीतील बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये.

आता सर्वाधिक काळजीची बाब. सायकलीचे पैसे थेट बँक खात्यात जमा होतात, म्हणून आधारवर, शाळेच्या दाखल्यावर आणि पासबुकावर मुलीचे नाव अक्षरशः सारखे असावे लागते. एका ठिकाणी वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर असेल, तर पात्र मुलीचीही रक्कम अडकू शकते. खाते आधारशी जोडलेले आहे का आणि ते व्यवहाराअभावी बंद पडलेले नाही ना, हे बँकेत जाऊन विचारून घ्यावे. जिथे आधी खरेदी आणि मग अनुदान अशी पद्धत आहे, तिथे निवडीचे पत्र हाती येईपर्यंत सायकल घेऊ नये, कारण पत्राच्या आधीच्या तारखेचे बिल नामंजूर होऊ शकते. बिल जीएसटी क्रमांक असलेल्या दुकानाचेच घ्यावे.

मानव विकास कार्यक्रमातूनही सायकलीसाठी अनुदान मिळते. तो 23 जिल्ह्यांतील 125 तालुक्यांपुरता असून 8 वी ते 12 वीतील गरजू मुलींसाठी आहे आणि त्याची रक्कम 2022 मध्ये 3,500 वरून 5,000 रुपये करण्यात आली. त्याची यादी शाळेतून जाते. दोन्हींकडून लाभ घेता येत नाही, तेव्हा आपला तालुका त्यात आहे का, हे मुख्याध्यापकांना आधी विचारावे.

शाळा सुटलेल्या मुली आणि गृहिणी यांच्यासाठी मात्र ग्रामपंचायतीचा रस्ता अधिक उपयोगी आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक असून त्या सभेत केलेली मागणी ठरावाच्या रूपाने ग्रामसभेपुढे जाते. मागणी नेमकी असावी : मैदानावर महिलांसाठी राखीव वेळ, फेरफटक्याच्या वाटेवर दिवे, जवळ वापरण्याजोगे स्वच्छतागृह, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी योगवर्ग. खुल्या व्यायामशाळेच्या साहित्यासाठी ग्रामपंचायतीला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे व्यायामशाळा विकास योजनेतून प्रस्ताव देता येतो. पण दिवे नसलेल्या कोपऱ्यात साहित्य बसवले, तर बायका तिकडे फिरकणार नाहीत, म्हणून जागा कोणती हेही ठरावातच लिहून घ्यावे.

अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. निवड यादी आणि 10 टक्के निधीचा खर्च या दोन्हींची माहिती, माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 नुसार 10 रुपये शुल्क भरून जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे मागता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास हे शुल्क माफ असून उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे.