डिमरस्टॅट शून्यावर आहे म्हणून हात लावू नका

जुना स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं मशिन) किंवा सिग्नल जनरेटर दुरुस्तीला हाती लागला की पहिला सल्ला ठरलेला, थेट भिंतीला लावू नको, ट्रान्सफॉर्मरवरून दे. कुठल्या ट्रान्सफॉर्मरवरून ते कोणी सांगत नाही, मग माणूस मुंबईच्या लोहार चाळीतून नाहीतर जुन्या बाजारातून एक डिमरस्टॅट, म्हणजे नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर, उचलून आणतो आणि त्याला वाटतं आता आपण सेफ. मलाही तसंच वाटायचं.

डिमरस्टॅट हे खरं तर ब्रँडचं नाव, पण आपल्याकडे कॉलेजच्या लॅबपासून सगळे तेच म्हणतात. अमेरिकेतलं व्हेरिॲक, तेही ब्रँडचंच, जनरल रेडिओ कंपनीचं, १९३० च्या दशकातलं. झाकण काढलंत तर आत मेदूवड्यासारखा कोअर, त्यावर तांब्याची तार, वरची बाजू घासून उघडी केलेली आणि त्या चकचकीत पट्टीवर कार्बनचा ब्रश फिरतो. तार एकच, सगळी मेख तिथेच आहे. इनपुटची न्यूट्रल तीच आउटपुटची न्यूट्रल, मधे काही तुटतच नाही. आता घरातल्या सॉकेटमधे फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले (जुन्या वायरिंगमधे काय काय निघतं विचारू नका) तर नॉब शून्यावर असूनही आउटपुटच्या दोन्ही वायरी जमिनीच्या हिशोबाने २३० व्होल्टवर. त्या दोघींमधे मीटर लावाल तर तो बिचारा शून्यच दाखवणार, टेस्टर मात्र दोन्ही भोकांत पेटतो.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर दिसायला अगदी कंटाळवाणा, २३० आत, २३० बाहेर, नॉबबिब काही नाही. पण आत तारेची दोन वेटोळी (वाइंडिंग) वेगवेगळी, आउटपुटचा जमिनीशी संबंधच नाही, म्हणून चुकून एका वायरला हात लागला तर सर्किट पूर्ण होत नाही. दोन्हींना लागला तर शॉक पूर्ण बसतो, आणि तेव्हा घरातला आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) पडणार नाही, कारण त्याला गळती दिसतच नाही. म्हणून एक हात खिशात ही जुनी सवय इथेही सोडायची नाही.

माझा धडा असा. ८० च्या दशकातल्या एका स्कोपचा एसएमपीएस (मेन्सवर थेट चालणारा स्विचिंग पॉवर सप्लाय) उघडून बसलो होतो, डिमरस्टॅट ६० व्होल्टवर, म्हटलं एवढ्याने काय होतंय, आणि दुसऱ्या स्कोपच्या प्रोबची क्लिप प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सकडच्या बाजूच्या, निगेटिव्हला लावली. फाट्! क्लिपचं टोक वितळलं, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधला डायोड गेला, घरात अंधार. स्कोपची क्लिप आतून थेट अर्थला जोडलेली असते हो. यावर काही जण स्कोपची अर्थ पिनच काढून टाकतात, ते कृपा करून करू नका, मग स्कोपची अख्खी बॉडीच फेज होऊन बसते. आयसोलेशन द्यायचं ते दुरुस्तीच्या मशिनला. आणि क्लिप लावली की तो पॉइंट अर्थ झाला, म्हणजे दुसऱ्या बाजूला शॉक पुन्हा आलाच, हेही डोक्यात ठेवा.

मग डिमरस्टॅट कशाला? कंडेन्सरसाठी. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर गळतो, तापतो, कधी फुटतो. हळूहळू चढवलं तर थर परत धरतो, सोबत १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमधे असला (मशिनने जास्त करंट ओढला तर तोच पेटतो) तर सोन्याहून पिवळं. टेकट्रॉनिक्सच्या ५४५ सारख्या व्हॉल्व्हवाल्या (काचेच्या नळ्यांच्या) स्कोपमधे मेन्सचा ट्रान्सफॉर्मर मुळातच असतो, म्हणजे आयसोलेशन आहेच, तिथे खरी गरज डिमरस्टॅटची. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायरही व्हॉल्व्हच असला तर मात्र फिलामेंट तापेपर्यंत पुढे काहीच जात नाही, ती गंमत वेगळी. एसएमपीएसचं उलट, कमी व्होल्टेजवर ते चालू होत नाहीत किंवा जास्त करंट ओढतात, तिथे डिमरस्टॅटचे लाड नकोत, आयसोलेशन आणि बल्ब पुरे.

अमेरिकेहून आलेलं ११५ व्होल्टचं मशिन डिमरस्टॅटवर चालतं, पण रेटिंग अँपिअरचं असतं. ४ अँपिअरचा पीस ११५ वर ठेवला की त्यातून फक्त ४६० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) मिळणार, ५४५ ला तेवढ्यात भागत नाही. आणि न्यूट्रलकडचं टोक आतून सुटलं तर आउटपुटला सरळ २३०. ते ११५ चे ‘कन्व्हर्टर’ डबेसुद्धा बहुतेक ऑटोट्रान्सफॉर्मरच, म्हणजे डिमरस्टॅटसारखे एकाच तारेचे, असतात बरं का, वेगळं नाव बघून फसू नका.

विकत घेताना दुकानातच प्लग काढून मल्टिमीटर ओहमवर लावा, इनपुटच्या प्रत्येक पिनपासून आउटपुटच्या प्रत्येक पिनपर्यंत. थोडे ओहम दिसले तर आयसोलेशन नाही, विक्रेता काहीही म्हणो. मग आउटपुटपासून अर्थ पिनपर्यंतही बघा, कारण यूपीएस आणि कॉम्प्युटरसाठी जे ‘अल्ट्रा आयसोलेशन’ म्हणून विकतात त्यातल्या काहींची आउटपुटची न्यूट्रल अर्थला बांधलेली असते, ते नॉइज अडवायला ठीक, आपल्या टेबलावर उपयोग शून्य.