मधपेटीची खरी परीक्षा जुलैत

सातेरी या आपल्या देशी मधमाशीची पेटी पहिल्यांदा उघडणारा माणूस राणीमाशी शोधत बसतो. हजारो माश्यांच्या गर्दीत ती दिसत नाही, हात थरथरायला लागतात. मग शिकवणारा सांगतो, राणी राहू दे, अंडी बघ. पोळ्याची लाकडी चौकट अशी धरायची की खांद्यावरून येणारं ऊन थेट कप्प्यांच्या तळाशी पडेल. तिथे तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी अंडी उभी दिसतात. अंड्यातून साधारण तीन दिवसांनी अळी बाहेर येते. म्हणजे अंडं दिसलं, की गेल्या तीन दिवसांत राणी इथे होती, एवढं नक्की. एकेका कप्प्यात दोन-तीन अंडी वेडीवाकडी पडलेली दिसली, तर मात्र धोका आहे. बहुधा राणी जाऊन बरेच दिवस झालेत, कामकरी माश्याच अंडी घालू लागल्यात आणि त्यांतून नुसते नर निपजणार.

हे वाचायला शिकणं म्हणजे मधमाशीपालनाचं प्रशिक्षण. नुसती पेटी घरी नेली म्हणून कुणी मधपाळ होत नाही.

महाबळेश्वरात 1946 पासून मध संचालनालय हे काम करतंय. तालुक्यातल्या मांघरला 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून मान मिळाला, पुढे भुदरगड तालुक्यातल्या पाटगावालाही असाच मान मिळाला. या डोंगराळ भागात शेत म्हणजे उताराचा तुकडा आणि पाऊस म्हणजे चार महिन्यांचा कोंडमारा. जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी यांच्या फुलांतला मकरंद मात्र माशी कुणाच्या सातबाऱ्यावर नाव आहे ते न बघता गोळा करते. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्या परसातही चार पेट्या बसतात. म्हणून हा धंदा मला खेड्यासाठी मोलाचा वाटतो.

पूर्वी रानात पोळं सापडलं की माश्या जाळून-पळवून ते पिळलं जाई. मधाबरोबर अळ्या आणि परागही पिळले जात आणि वसाहत संपे. हलत्या चौकटींच्या पेटीने हे बदललं. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन माणसाने 1851 मध्ये ओळखलं, की माशी ये-जा करण्यापुरती 6 ते 9 मिलिमीटरची फट मोकळी ठेवते. फट त्याहून मोठी झाली की तिथे पोळं बांधते, लहान राहिली की बुजवून टाकते. चौकटींमध्ये नेमकी तेवढी फट ठेवली, की प्रत्येक चौकट सुटी उचलता येते. आपली सातेरी युरोपियन मेलिफेरा माशीपेक्षा लहान, म्हणून तिची पेटीही लहान. चौकट मधयंत्रात गरगर फिरवली की मध बाहेर उडतो आणि रिकामं पोळं माश्यांना परत देता येतं. मेण बनवायला माशीला कितीतरी मध खावा लागतो, तो खर्च वाचतो.

मध कधी काढायचा, हेही पोळंच सांगतं. मकरंदात पाणीच जास्त असतं. पंख हलवून माश्या ते उडवतात आणि मध घट्ट झाला की कप्प्यावर मेणाचं झाकण घालतात. झाकण नसलेला मध काढला तर तो आंबतो. बाटलीला फेस येतो, गिऱ्हाईक परत येत नाही.

डंख बसला की आधी नांगी नखाने खरवडून काढा, मग त्या जागेवर धूर द्या, हा धडा पहिल्याच दिवशी मिळतो. डंखाबरोबर सुटणाऱ्या द्रव्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि तो इतर माश्यांना हल्ल्याची हाक असतो. धुराने तो वास दबतो. शिवाय धूर लागला की माश्या पोटभर मध पिऊन घेतात आणि सुस्तावतात.

इथपर्यंतचं दहा-बारा दिवसांच्या वर्गात शिकवता येतं. अडतं ते पुढे. मे महिन्यात पेटी मधाने जड असते आणि चार पैसे जास्त मिळावेत म्हणून शेवटच्या चौकटीपर्यंत मध काढायचा मोह होतो. जूनमध्ये महाबळेश्वरी पाऊस लागला की माशी आठवडेच्या आठवडे बाहेर पडू शकत नाही. साठा नसेल तर सातेरी थांबत नाही, सगळी वसाहत पेटी सोडून उडून जाते. रिकाम्या पोळ्यात मेणकिडा शिरतो. ऑगस्टमध्ये माणूस म्हणतो, हा धंदा आपल्या नशिबात नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्याला मेमध्ये फक्त “दोन चौकटी सोड” एवढंच सांगणारं कुणीतरी हवं होतं. किती पेट्या वाटल्या याचा हिशेब मे महिन्यात मांडण्यापेक्षा किती पेट्यांत माश्या टिकल्या ते दिवाळीत मोजावं.

उत्पन्नाला मधाशिवाय आणखी एक तोंड आहे, शेतात पेटी ठेवून परागीभवन करून देण्याचं. कांद्याच्या बीजोत्पादनात एका फुलाचे पराग झडून जातात, तेव्हा त्याच फुलाचा स्त्रीभाग अजून तयार नसतो. दुसऱ्या फुलाचे पराग माशीनेच आणावे लागतात. तिथे पेटी ठेवणाऱ्याला शेतकऱ्याशी फवारणीची वेळही ठरवून घ्यावी लागते, नाहीतर औषधाने माश्या मरतात.

शिकलेला मधपाळ जुलैत झाकण फारसं उघडत नाही. पेटीची मागची कड दोन बोटांनी जरा उचलून बघतो. हलकी लागली तर साखर आणि पाणी समसमान घेऊन पाक करतो आणि अंधार पडल्यावर आत ठेवतो, म्हणजे शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येत नाहीत. पेटीच्या पायांखालच्या वाट्यांतलं पाणी मुंग्या अडवायला पुरेसं आहे ना, तेवढं बघतो आणि घरात शिरतो.