खरा लायका आणि लायका बनून फिरणारा फेड

2022 च्या जूनमध्ये जर्मनीत वेट्झलरच्या लिलावात एक लायका कॅमेरा 1 कोटी 44 लाख युरोला गेला, म्हणजे आपल्याकडचे शंभर कोटींच्या वर, आणि अशी बातमी आली की लोक लगेच मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटला लायका शोधत फिरायला लागतात. तिथे काचेच्या कपाटात तो असतोही, सोनेरी, चकचकीत, वर गरुड नाहीतर बर्लिन 1936 चं ऑलिम्पिक कोरलेलं. बहुतेक वेळा तो लायका नसतोच, फेड नाहीतर झोर्की हा सोव्हिएत कॅमेरा असतो.

फेड 1934 पासून खारकिव्हला बनायचा, लायका टू या मॉडेलची सरळसरळ कॉपी, आणि झोर्की त्याच घराण्यातला, 1948 पासून मॉस्कोजवळचा. तेव्हा ते आपल्याच नावाने विकले जायचे, त्यात लपवाछपवी काही नव्हती. पुढे कोणीतरी वरचं नाव घासून लायका कोरलं, सोन्याचा मुलामा दिला आणि हा धंदा सोव्हिएत संघ फुटल्यावर जोरात चालला.

बाहेरून बघून फसायला होतं, म्हणून दुकानदाराला विचारून लेन्स फिरवून काढा, आटे असतात, सहज निघते. आता आत वरच्या बाजूला बघा, रेंजफाइंडरचा, म्हणजे फोकससाठी अंतर मोजणाऱ्या यंत्रणेचा, छोटा दांडा दिसेल. लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं, बोट लावलं की फिरतं. फेड-झोर्कीत तिथे सहसा पाचरीसारखा भरीव तुकडा असतो, तो काही फिरत नाही. मला विचाराल तर एवढं एक बघितलं तरी पुष्कळ, बाकी कोरीवकाम कोणीही करून देतं. (सोनेरी लायका अजिबात नव्हतेच असं नाही हां, 1929 च्या सुमाराला लक्झस काढला होता, पण अगदी मोजके पीस.)

आणि शंभर कोटी कशाचे, तर सोन्याचे नाहीत, जुनेपणाचे तर नाहीतच. लिलावातला तो कॅमेरा 0-सिरीजचा 105 नंबर, 1925 ला लायका बाजारात आणायच्या आधी चाचणीसाठी जेमतेम दोन डझन बनवले त्यातला, आणि वापरायचा कोण तर ज्याने लायका बनवला तो ओस्कार बार्नाक स्वतः, व्ह्यूफाइंडरवर त्याचं नाव कोरलंय. त्याच सिरीजचा 122 नंबर 2018 मध्ये 24 लाख युरोला गेला होता, म्हणजे मधला बराचसा फरक कॅमेरा कोणाच्या हातात होता याचा. साधा लायका टू त्या मानाने खूप स्वस्त, तो हजारोंनी बनलाय.

फेड वाईट नाही, मला तर आवडतो, शटर धड असेल तर फोटो छान येतात. फक्त फेडच्या भावाने घ्या, आणि शक्यतो ज्याच्यावर अजून फेडच लिहिलंय असा घ्या, कारण सोनेरी केलेल्याचा मूळचा पत्रा घासून गेलेला असतो आणि तो परत येत नाही.