ब्रेक धरला की बंद पडणारी बुलेट

बाबांची १९९१ सालची बुलेट, ३४६ सीसी. मागच्या हिवाळ्यात तिचे ठिणगी पाडणारे प्लॅटिनम पॉइंट काढून त्यांच्या जागी मी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा बसवला. थंडीभर दुसऱ्या किकला हमखास सुरू व्हायची. एप्रिल सरला आणि नागपुरात वर्धा रोडवर, छत्रपती चौकाच्या सिग्नलला, तिचं नाटक सुरू झालं. संध्याकाळी हेडलाइट लावलेला, ब्रेक धरला की इंजिन गप्प. रिकाम्या रस्त्यावर तिला काहीच होत नसे. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, डब्बा जळून राहिला तुमचा. दुसरा टाका." दुसरा टाकला. चौथ्या दिवशी त्याच चौकात पुन्हा बंद.

पॉइंट असोत की डबा, काम एकच: ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधला करंट ऐन वेळी तोडणं. पाण्याचा नळ झटकन बंद केला की पाइपात धाडकन आवाज होतो, तसंच इथेही होतं. करंट तुटताच कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीत दोन-तीनशे व्होल्टचा झटका उठतो, आणि शंभरएक पट वेढे असलेल्या दुसऱ्या गुंडाळीत त्याचे वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत होतात. तेव्हा कुठे प्लगवर ठिणगी पडते. पॉइंटमध्ये हा करंट धातूचे दोन तुकडे तोडतात. ते झिजतात, ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची फट हलते आणि फटीबरोबर ठिणगीचं टायमिंगही सरकतं. डब्यात तेच काम ट्रान्झिस्टर करतो, त्यामुळे झिजायला काही उरत नाही. बदल करण्यासारखाच आहे, हे माझं आजही ठाम मत आहे.

पण पॉइंट व्होल्टेज मोजत बसत नाहीत. बॅटरी खाली आली तर ठिणगी मलूल होते, गाडी कशीबशी चालत राहते. डब्यातल्या सर्किटला मात्र जागं राहायलाच ठरावीक व्होल्टेज लागतं. त्याखाली गेलं की ते थेट झोपतं. म्हणजे वायरिंगमधलं जे दुखणं पॉइंटनी वर्षानुवर्षं पचवलं, ते डबा लावल्यावर उघडं पडतं आणि आळ डब्यावर येतो.

वायर जोडलेली आहे की तुटली हे मल्टिमीटर 'बीप' वाजवून सांगतो, पण ते दुखणं त्या बीपला सापडत नाही. अर्ध्या ओहमच्या गंजलेल्या सांध्यालाही मीटर खुशाल बीप देतो. वायरीतून खरा करंट वाहत असतानाच मोजावं लागतं. मी कॉइलला येणारी वायर काढली आणि तिच्या नि इंजिनच्या मध्ये हेडलाइटचा ३५ वॉटचा बल्ब जोडला. तो जवळपास तीन अँपिअर ओढतो, साधारण कॉइलइतकाच. चावी फिरवली. बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट, बल्बवर १०.२. म्हणजे वाटेत २.२ व्होल्ट हरवले होते.

मग ते एकेक टप्प्यावर शोधले. मीटरची एक पिन चावीच्या स्विचमध्ये शिरणाऱ्या वायरीवर, दुसरी बाहेर पडणाऱ्या वायरीवर. इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसले १.४. पुढे बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते इंजिनची केसिंग: ०.६. उरलेले ०.२ जुन्या वायरीत. सिग्नलला इंजिन मंद, अल्टरनेटर जेमतेम चाललेला, त्यात हेडलाइट आणि ब्रेकचा २१ वॉटचा दिवा त्याच स्विचमधून करंट ओढणार. मग त्या १.४ चे आणखी वाढतात.

हे उन्हाळ्यातच का झालं? एक तर आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बॅटरीचं पाणी भराभर आटतं. माझ्या बॅटरीच्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या. दुसरं कारण तांब्याचा स्वभाव. २० अंशाला ३.२ ओहम असलेली कॉइल ८० अंशाला जवळपास ३.९५ होते. त्यातून १२.४ व्होल्टऐवजी १०.२ मिळाले की करंट ३.९ अँपिअरवरून २.६ वर येतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर ठरते, म्हणून ती निम्म्याहूनही कमी भरते.

उपाय साधे होते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर. अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून इंजिनपासून बॅटरीपर्यंत एक जाड वायर. आणि एक रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच: आता चावी फक्त रिलेला चालू करते, डब्याचा आणि कॉइलचा करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे थेट जातो. सोबत प्लगकॅपही पाच किलोओहम रेझिस्टरची लावली, कारण ठिणगीच्या विद्युत गोंगाटाने डब्याचं सर्किट गोंधळू शकतं. आणखी एक: करंट येतो की नाही हे बघायला प्लगची वायर हवेत मोकळी धरून किक मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर तो उच्च दाब डब्यावर उलटू शकतो. प्लग हेडला नीट टेकवूनच पाहा.

बल्बवर आता १२.१ व्होल्ट येतात. मिस्त्रींनी जळाला म्हणून काढलेला पहिला डबा मी परत लावून पाहिला. मे संपेपर्यंत त्याच डब्यावर गाडी चालवली, त्याच चौकातून, हेडलाइट लावून. एकदाही बंद पडली नाही.